डमीमास्तरांचा अबोला

डमीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, आणि शिकवण्याशीही त्यांचा काडीचा संबंध नव्हता. शाळेत शुद्धलेखनाच्या तासाला त्यांची वही परत आली की पानावर निळ्यापेक्षा लाल शाई जास्त असायची. पण प्रकाशनाच्या बांधणीखात्यात चौतीस वर्षं ते डमी बनवत आले, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून मास्तर.

ज्यांचा पुस्तकांशी संबंध वाचण्यापुरताच येतो, त्यांना डमी म्हणजे काय ते सांगायला हवं. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याच कागदाचं, तेवढ्याच पानांचं, त्याच मापाचं एक पुस्तक बांधून बघतात. फक्त त्यात अक्षर नसतं. कणा किती जाड होईल, मुखपृष्ठ किती रुंद लागेल, हातात घेतल्यावर पुस्तक भारदस्त वाटेल की चोपडं, हे सगळं त्या कोऱ्या पुस्तकावरून ठरतं. ती डमी. काम झालं की तिला कुणी विचारत नाही. कुणी तिच्यात फोन नंबर लिहितं, कुणी खिडकी आपटू नये म्हणून ती फटीत अडकवतं. दुसरीकडचे कारागीर असली तात्पुरती वस्तू तात्पुरतीच बनवतात. मास्तरांना ते जमायचं नाही. त्यांची डमी शिवलेली असायची, तिन्ही बाजूंनी एकसारखी कापलेली असायची, आणि मुखपृष्ठ चढवून ती खऱ्या पुस्तकाशेजारी ठेवली तर खुद्द लेखकानं तिच्यावर सही केल्याची उदाहरणं होती. याचा मास्तरांना गर्व होता. तो त्यांनी लपवलाही नाही.

तर एका सकाळी नव्या संपादकबाई बांधणीखात्यात आल्या. बाई म्हणायचं ते हुद्द्याला. वयानं त्या मास्तरांच्या मुलीसारख्या. हातात कागद, कानामागे पेन. नव्यानं कामाला लागणाऱ्यांसाठी त्या एक छोटी पुस्तिका करत होत्या. आपल्या धंद्यातले शब्द, त्यांचे अर्थ, आणि ते आले कुठून.

"फर्म्याचं सापडलं," त्या म्हणाल्या. "शिशाचे खिळे जुळवून लोखंडी चौकटीत आवळायचे, त्या चौकटीचं इंग्रजी नाव फॉर्म. आपण ते फिरवून फर्मा केलं. पण डमीचं अडलंय. शब्दकोशात नुसतं 'नकली, बनावट' दिलंय."

मास्तरांनी खळीचा ब्रश खाली ठेवला. "नकली?"

"असं लिहिलंय."

"माझी डमी नकली? तिचा दोरा नकली आहे की पुठ्ठा नकली आहे?"

"अहो, मी नाही म्हणत. मग काय लिहू, तुम्ही सांगा."

"डमी म्हणजे डमी. पाण्याला काय म्हणता? पाणीच म्हणता ना?"

बाई हसल्या. त्या नवीन होत्या, म्हणून पुढचं बोलल्या. "इथे म्हणे पूर्वी एक मुद्रितशोधक होते. कुठलाही शब्द टाका, त्याचं खापरपणजोबापर्यंत सांगायचे. ते तुमचे थोरले बंधू ना? मग सोपंच झालं. घरी गेलात की विचारा."

कटिंग मशीनवरचा माणूस पातं वर धरून तसाच थांबला. घडीच्या टेबलावरच्या दोघी एकदम कागद मोजायला लागल्या. मास्तर आता काय फेकून मारतात इकडे सगळ्यांचं लक्ष होतं. मास्तरांनी ब्रश उचलला, खळीत बुडवला, आणि म्हणाले, "विचारतो."

आपण हे बोललो याचं सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं. कारण दादांशी त्यांचा सहा वर्षं अबोला होता.

दादा मास्तरांहून नऊ वर्षांनी मोठे. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि निवृत्त होताना स्वतःचं एक पुस्तक लिहिलं. शब्द कुठून येतात, वाटेत कसे बदलतात, यावर. प्रकाशनानं ते छापायला घेतलं आणि दादांच्या निरोपाच्या दिवशीच त्याचा समारंभ ठेवला. हौसेनं ठेवलेल्या तारखेला पुस्तक तयार नसणं हा या धंद्यातला जुना रिवाज आहे. त्या दिवशीही बांधणी ओली होती. अशा वेळी काय करतात ते बाहेर कुणाला सांगत नाहीत, पण करतात: रंगीत कागदात डमी गुंडाळतात, पाहुणे ती छातीशी धरून फोटो काढतात, आणि खरी पुस्तकं आठवड्यानं येतात. मास्तरांनी चार डम्या गुंडाळल्या. प्रमुख पाहुणे एक पान वाचून दाखवणार होते, त्यांच्यासाठी मात्र एक खरी प्रत जिवाचा आटापिटा करून तयार केली आणि त्या पुडक्याला लाल फीत बांधली.

लाल फितीच्या पुडक्यात डमी निघाली.

पाहुणे निवृत्त प्राचार्य होते. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मधूनच कुठूनतरी उघडलं. मग प्रसंग सांभाळायला म्हणून म्हणाले, "शब्दांविषयी लिहिताना लेखकानं शब्दांची फारच काटकसर केली आहे." सभागृह खो खो हसलं. दादाही हसले. हात जोडून हसले. ज्या माणसाची डमी कुणालाच ओळखू यायची नाही, त्याला स्वतःलाही ती ओळखू आली नव्हती.

घरी आल्यावर दादा दारात थांबले. "तुझी कारागिरी बघितली," एवढंच म्हणाले आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. मास्तर सांगायला जाणार होते की चुकून झालं. पण त्या वाक्यानं त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतक्या वर्षांच्या कामाला कुणी असा टोला मारावा? आता त्यांनीच आधी बोलावं, असं मास्तरांनी ठरवलं. पलीकडे दादांनीही नेमकं तेच ठरवलं असावं. एकाच आईची मुलं ती.

आता घर म्हणावं तर एकच. वडिलांनी ठेवलेलं. दोन खोल्या दादांच्या, दोन मास्तरांच्या, मधे एक भिंत आणि पुढे दोघांना मिळून एक व्हरांडा. मास्तरांची बायको होती तोवर तिनं दोन्हीकडची बोलणी सांभाळली. "भाऊजींना सांगते," म्हणायची, आणि दोघांना सोसेल असंच काहीतरी दोन्हीकडे सांगायची. ती गेल्यावर सांगणारं कुणी राहिलं नाही. तिच्या सुतकाच्या दिवसांत दादा रोज येऊन व्हरांड्यात बसत, पण बोलले नाहीत. मास्तर आत बसत, तेही बोलले नाहीत. तेरा दिवस हे चाललं. मग दोघे आपापल्या कामाला लागले.

अबोला नीट चालवायचा म्हणजे भांडणापेक्षा जास्त शिस्त लागते. नळ सकाळी आधी दादांचा, मग मास्तरांचा. कचऱ्याची बादली एक आड एक दिवस. एकाच्या पायांचा आवाज व्हरांड्यात आला की दुसऱ्यानं जरा थांबायचं. लोकांनीही ते मनावर घेतलं. किराणावाला, पेपरवाला, शेजारचे, दुसऱ्या गावची ताई, सगळे या भावासमोर त्या भावाचा विषय टाळायचे. हा त्यांचा चांगुलपणा होता. त्या चांगुलपणानं मास्तर किती एकटे पडले, हे त्या लोकांना कळण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी घरी यायचं, कुलूप काढायचं, एक भांडं, एक ताट, एक पेला. कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मला काय धाड भरली आहे. पण कुणी विचारत नव्हतं.

त्यांना एकच सोबत होती, भिंतीपलीकडच्या वाचनाची. दादांना मुद्रितं मोठ्यानं वाचायची सवय. निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्र तसं वाचायचे, विरामचिन्हांसकट. "मंत्र्यांनी सांगितले स्वल्पविराम की पाणी सोडले जाईल पूर्णविराम." मास्तर चहा घेता घेता ऐकायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, हो, सोडतायत. आठ महिन्यांपूर्वी ते वाचनही बंद झालं. आधी दादा तीन आठवडे दिसलेच नाहीत; ताईकडे गेले असतील, असं मास्तर धरून चालले. परत आले ते गप्पच. मास्तर चिडले. माझ्याशी नाही तर नाही, निदान वर्तमानपत्राशी तरी बोलावं माणसानं! तेवढंही माझ्या कानावर पडू द्यायचं नाही, इतका राग?

आणि खरं तर राग त्यांना स्वतःचा येत होता. कारण दादा ताईकडे गेले असं ते धरून चालले, त्याच्या आदल्या दुपारी एक गोष्ट घडली होती. सुट्टीचा दिवस. मास्तर खाटेवर आडवे होते. व्हरांड्यात पावलं वाजली, ती दाराशी थांबली, आणि हाक आली, "धाकट्या."

त्यांना धाकट्या म्हणणारं जगात आता एकच माणूस होतं.

मास्तर उठून बसले. पाय खाली सोडले. चपलेत पाय घातलासुद्धा. आणि तिथे घोडं अडलं. पाच वर्षांनी एका हाकेसरशी धावत जायचं? अजून एकदा हाक मारू दे, मग उघडू. ते बसून राहिले. पावलं थोडा वेळ तिथेच होती. मग परत गेली.

तेव्हापासून मास्तर दुसऱ्या हाकेवर जगत होते. एकदा मारली आहे म्हणजे पुन्हा मारणार, हा त्यांचा हिशोब. दुसरी आली की एका ढांगेत दार गाठायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं. संध्याकाळी नळ चालू असला तर मधेच बंद करायचे, न जाणो पाण्याच्या आवाजात ऐकू आली नाही तर.

आणि आता या संपादकबाईंनी निमित्त दिलं होतं. घरचं नाही, कामाचं. कामाचं विचारायला काय हरकत आहे?

मास्तरांनी त्या पुस्तिकेची डमी बनवली. बत्तीस पानी, तळहाताएवढी. घरी नेली आणि पहिल्या पानावर मान मोडून लिहिलं: "डमी ह्या शब्दाचे मुळ काय? संपादक बाईंना हवे आहे. कामाचे आहे, घरचे नाही." सकाळी कामावर जाताना ती दादांच्या उंबऱ्यावर ठेवली आणि चोरी करून पळावं तसे निघाले.

संध्याकाळी डमी त्यांच्या उंबऱ्यावर होती. मास्तरांनी कुलूप काढायच्या आधी ती उघडली. "मुळ"मधला उकार लाल पेन्सिलीनं दीर्घ केला होता. "संपादक बाईंना" हे दोन शब्द खालून कंस काढून जोडले होते. बाकी काही नाही.

मास्तरांचं डोकं फिरलं. दुसऱ्या पानावर त्यांनी दाबून लिहिलं: "दुरुस्ती नको आहे. ऊत्तर हवे आहे." ते परत आलं तेव्हा "ऊ"चा "उ" झाला होता. मास्तर व्हरांड्यात उभे राहून स्वतःशीच मोठ्यानं हसले, आणि हसू आल्याबद्दल स्वतःवर रागावले. तिसऱ्या पानावर त्यांनी लिहिलं, "आता चूक काढून दाखव," आणि चूक शब्द कार्यालयात दोघांना विचारून लिहिला.

या वेळी खाली लाल अक्षरात एक ओळ होती. "चूक नाही. उत्तर शोधतो आहे. तीन दिवस."

सहा वर्षांत दादांनी त्यांना उद्देशून लिहिलेले हे पहिले शब्द. मास्तरांनी ते जेवताना वाचले, ताट धुतल्यावर वाचले. बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय म्हणाले?" तर मास्तर ऐटीत म्हणाले, "शोधतायत. दादांना घाई चालत नाही." हे वाक्य उच्चारताना त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी ते कटिंग मशीनवाल्यालाही ऐकवलं. त्यानं काही विचारलेलं नसताना.

पण तीन दिवस नुसतं थांबवेना. मास्तर डमीत इकडचं तिकडचं लिहू लागले. "उद्या पाणी येणार नाही." त्यावर: "भरून ठेवलं." "तुझ्या दारावरचा दिवा गेला आहे. बदलू का?" त्यावर: "बदल. स्टूल हलतं, जपून." मास्तरांनी दिवा बदलला. दार आतून लोटलेलं होतं, फटीतून उजेड येत होता. स्टुलावर उभे असताना त्यांना पलीकडे दादांचा खोकला ऐकू आला. अलीकडे तो बदलला होता, घशातला कमी आणि वाऱ्याचा जास्त, भाता दाबल्यासारखा. म्हातारे झाले दादा, मास्तरांना वाटलं. आपण कशाची वाट बघतोय?

त्या संध्याकाळी त्यांनी तेराव्या पानावर लिहिलं. लिहायला दोन तास लागले, ओळी मात्र दोनच. "त्या दिवशीची चुक माझी होती. कोणते खरे ते मलाच ओळखू आले नाही."

डमी परत आली ती उघडायचा मास्तरांना धीर होईना. शेवटी उघडली. "चुक"चा उकार दादांनी दीर्घ केला होता. माफीतसुद्धा! मास्तरांना रडू आणि हसू एकदमच आलं. खाली बारीक अक्षरात दोनच शब्द होते. "माहीत आहे."

म्हणजे माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं! आता अडलंय कशावर? मास्तरांनी तिथल्या तिथे, उभ्या उभ्या लिहिलं: "मग बोल की. एकदा हाक मार. रविवारी दिवसभर दार उघडे ठेवतो."

रविवारी त्यांनी खरंच दार सताड उघडं ठेवलं. दाढी केली. खोली झाडली. दोन पेले काढून ठेवले, एक उगाच पुन्हा धुतला. व्हरांड्यातून मांजर गेलं तरी ते उठून उभे राहत होते. दहा वाजले, बारा वाजले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पानं उलटल्याचा. हाक आली नाही. दुपारी त्यांनी जेवण दाराकडे तोंड करून उरकलं. चारच्या सुमारास व्हरांड्यात पावलं वाजली. मास्तर ताठ बसले. उंबऱ्याच्या आत डमी सरकवली गेली, आणि पावलं परत गेली.

मास्तर खूप निराश झाले. पण डमी तर उघडायला हवी. आत दादांच्या सुबक अक्षरात, या वेळी लाल नव्हे तर साध्या पेन्सिलीनं, एक अख्खं पान लिहिलेलं होतं.

"डमी. मूळ इंग्रजी. पहिला अर्थ, मुका माणूस. ज्याला वाचा नाही तो. पुढे पत्त्यांच्या डावात चौथा भिडू आला नाही, की त्याची पानं टेबलावर उघडी मांडून तिघे खेळत. त्या न आलेल्या भिडूलाही डमी म्हणू लागले. मग कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्याला. मग आतून रिकाम्या खोक्याला. मग आपल्या कोऱ्या पुस्तकाला. 'नकली' हा अर्थ वाटेत चिकटला आहे, मुळात तो नव्हता. मूळ शब्दात खोटेपणा नाही, नुसता मुकेपणा आहे. बाईंना सांग, 'नकली' काढून टाका."

मास्तरांची छाती फुगली. नकली नाही! दादांनी सांगितलं म्हणजे झालं. त्यांनी पान उलटलं.

"हाकेचं जमणार नाही. घशात गाठ होती. स्वरयंत्र काढलं. आठ महिने झाले. आता मीही तुझ्याच खात्यातला."

मास्तरांनी ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला घेतलं, पण ओळी दिसेनात.

आठ महिने. वर्तमानपत्र थांबलं ते रागानं नव्हे. खोकला बदलला तो वयानं नव्हे. किराणावाल्याकडे दादा चिठ्ठी देत असणार, किराणावाल्याला माहीत. पेपरवाल्याला माहीत. ताईला तर माहीत असणारच, तिनं फोनवर तीनदा विचारलं होतं, "बाकी सगळं ठीक ना रे?" आणि मास्तर म्हणाले होते, "मला काय धाड भरली आहे." एका भिंतीच्या अंतरावर राहणाऱ्या सख्ख्या भावाला तेवढं माहीत नव्हतं. माणूस बोलत नाही आणि माणसाला बोलता येत नाही, हे भिंतीतून एकसारखंच ऐकू येतं.

ते डमी हातात घेऊन उठले. व्हरांड्यात चार पावलं. दादांचं दार उघडंच होतं.

दादा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. गळ्याभोवती पातळ रुमाल, मांडीवर चिठ्ठ्यांची वही, वहीला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. बारीक झाले होते. मास्तर दारात उभे राहिले. सहा वर्षांत जमवून ठेवलेली सगळी वाक्यं होती, त्यातलं एकही या खोलीत उपयोगाचं नव्हतं. दादांनी शेजारच्या खुर्चीवरचे कागद उचलले आणि तिथे हात ठेवला. मास्तर बसले.

दादांनी त्यांच्या हातातून डमी घेतली. शेवटचं पान काढलं, चष्मा सारखा केला आणि लिहायला लागले. मधे थांबले, पुन्हा लिहिलं. मग डमी मास्तरांच्या गुडघ्यावर ठेवली.

"दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. सोबत येतोस का, विचारायला आलो होतो. आवाज होता तोवर. मग एकटाच गेलो, ताई नंतर आली. तू घरी होतास, दाराला कुलूप नव्हतं. हाक ऐकू आली नव्हती का?"

मास्तरांनी वर बघितलं. दादांनी पेन्सिल त्यांच्यापुढे धरली होती. मास्तरांनी ती घेतली, डमीवर वाकलेसुद्धा, पानावर जागा कुठे आहे ते बघू लागले. मास्तरांना तर बोलता येतं, हे दोघांच्याही लक्षात यायला थोडा वेळ लागला.

नाही म्हणणं सोपं होतं. भिंत जाड आहे, दुपारी डोळा लागतो. दादांनी विश्वास ठेवला असता. प्रश्नच त्यांनी असा लिहिला होता की नाही म्हणायला सोपं जावं. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आली होती," ते म्हणाले. "मी दुसरीची वाट बघत बसलो, दादा."